कावळ्याची तार

देवतळे मास्तरांवर मी आधी एकदा लिहिलं आहे. तेव्हा नाव बदललं, गाव बदललं, धंदा बदलला आणि शेवटी ‘सर्व पात्रं काल्पनिक’ असं छापून घेतलं. लोकांनी पाठ थोपटली. आज जे लिहितोय त्यात काही बदललेलं नाही. ते वाचून कोणाला पाठ थोपटावीशी वाटली तर त्यानं कृपा करून हात आवरावा.

मास्तरांच्या भाची कुसुमताई मागच्या वर्षी गेल्या. म्हणजे हे वाचून दुखावेल असं आता कोणी उरलं नाही. मास्तर उरले असतील तर दुखणं त्यांना नवीन नाही.

मी नागपूरच्या तारघरात लागलो तेव्हा साठ साल उलटून दोनेक वर्षं झाली होती. मॅट्रिक झालेला, मोर्स शिकलेला, आणि खिशात कायम एक अर्धवट लिहिलेली गोष्ट बाळगणारा मी, स्वतःला फार मोठा समजत असे. पहिल्याच दिवशी मला किसनराव देवतळ्यांच्या शेजारच्या टेबलावर बसवलं. तारा देणारा-घेणारा म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. पन्नाशीला टेकलेला उंच, काटक माणूस. धोतर, वर विटका कोट, टोपी, आणि टोपीखालचा एकही केस पांढरा नाही. मी नाव, गाव, शिक्षण, मामांची ओळख, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी डाव्या हाताची बोटं मिटत सगळं ऐकून घेतलं.

“एकोणचाळीस शब्द बोलला तू,” ते म्हणाले. “आठात भागलं असतं.”

ही त्यांची खोड. समोरचा बोलू लागला की यांची बोटं मिटू लागायची. काउंटरवर एखादी बाई लेकाला तार करायला आली आणि ‘तुझ्या बाबांची तब्येत जरा जास्तच बिघडलेली असल्यामुळे’ असं सुरू करू लागली, की मास्तर आतून उठून यायचे, फॉर्म आपल्याकडे ओढायचे आणि लिहायचे : ‘वडील अत्यवस्थ. लवकर ये.’ बाई वाचून रडायला लागायची. “आता समजलं तुले, तो किती घाबरंन?” ते विचारायचे. “मंग खरंच अत्यवस्थ हायेत का ते सांग.” बहुतेक वेळा नसायचे. मग मास्तर ‘अत्यवस्थ’ खोडून ‘आजारी’ लिहायचे आणि आत येऊन आपल्या जागेवर बसायचे.

दुसरी खोड छत्रीची. नागपुरात छत्री पावसाळ्यात लागते, आणि फार तर उन्हाळ्यात. मास्तर जानेवारीच्या कोवळ्या उन्हातही ती उघडूनच यायचे. तारघराच्या फाटकापाशी एक मोठा कडुनिंब होता, त्यावर कावळ्यांची वस्ती. त्याखालून जाताना मास्तर छत्री इतकी खाली घ्यायचे की चेहरा दिसायचा नाही. आत पोर्चमध्ये डोक्यावर छप्पर आल्यावरच ती मिटायची. मास्तरांचा पावसाळा बारमाही असतो, असं आम्ही म्हणायचो. त्यांनी ते ऐकलं होतं, पण त्यावर कधी बोलले नाहीत.

हात रिकामे असले की ते तारयंत्रातल्या वाया गेलेल्या कागदी फितीची वेणी घालत. तीन पेडांची, कधी चार पेडांची, टोकाला गाठ मारून टेबलाच्या खणात. त्यांनी बहिणीच्या मुलीला, कुसुमला, लहानपणापासून वाढवलं होतं. शेजारणीकडून वेणी घालायला शिकले होते. बायको बाळंतपणात गेली, पोटचा मुलगा देवीच्या साथीत गेला, उरली ही भाची. मी लागलो तेव्हा तिचं लग्न होऊन ती वर्ध्याला गेली होती. नवरा मास्तर, शाळेतला. दर महिन्याला तिचं कार्ड यायचं. मोजक्या शब्दांचं, एका बाजूलाच संपणारं. मास्तर ते दिवसभर वरच्या खिशात ठेवून मिरवायचे. “शब्द पाह्य,” म्हणायचे, “एक तरी फालतू हाय का? मी शिकवलं तिले.”

आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. लग्नपत्रिका हातात आली की ते आधी पेन काढायचे आणि नवऱ्यामुलाच्या नावामागचं ‘चि.’ खोडायचे. मुलीच्या नावामागचंही. मग पत्रिका वाचायचे. कोणी पाया पडलं तर ‘औक्षवंत हो’ असं त्यांच्या तोंडून निघायचं नाही. “सुखानं राह्य,” एवढंच. माझ्या लग्नात माझ्या आईला त्याचं वाईट वाटलं. एवढा मोठा माणूस, आणि आयुष्य म्हणून द्यायला कंजुषी करतो, असं ती बरेच दिवस म्हणत होती.

मास्तर गोष्टी मात्र सढळ हातानं सांगायचे. दुपारच्या सुट्टीत डबे उघडले की सगळे त्यांच्याभोवती. कामठीच्या छावणीतला जिन, पारशिवनीच्या वाटेवरची हडळ, काय वाट्टेल ते. तिथं मात्र शब्द मोजणं नाही. त्यांच्या गोष्टींत भूत कधीच वाईट नसायचं. वाईट व्हायचं ते कोणीतरी नको ते विचारल्यावर. एक गोष्ट मला शब्दन् शब्द आठवते.

“हिंगण्याच्या बजारात एक बुढा घुंगरं विकाले ये,” ते सांगत. “बैलाच्या गळ्यातले. ज्याच्या-त्याच्या आजानं त्याच्याचपासून घेतलेले. आजाच्या आजानंबी. पण कोणी कधी इचारलं नाही. घुंगरू वाजवून पाहाचं, घ्याचं अन् घरी जाचं. बुढा खुशीत. एक दिवस एका पाटलाच्या डोक्यात किडा वळवळला. म्हणे, ‘बुढेबाबा, तुमचं वय किती गा?’ झालं. बुढा तिथीच बसला अन् बोटावर मोजाले लागला. बजार उठला, लोक घरी गेले, बुढा मोजूनच राहिला.”

“मग?” मी विचारलं.

“मंग काय? अजून मोजून राहिला असंन. लोकायनं त्याले त्याचं वय विसरू देल्लं होतं, म्हणून त्याचं जगणं चालून राहिलं होतं. पाटलानं आठवण करून देल्ली.”

“पण न मरण्याचा शाप त्याला कोणी दिला होता? काय केलं होतं त्यानं?”

मास्तरांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “पाह्य,” ते बाकीच्यांना म्हणाले, “हाच तो पाटील.”

सगळे हसले, मीही हसलो. “ज्याचं गाठोडं त्यानंच सोडावं, लेखकराव,” ते मला म्हणाले. लेखकराव हे त्यांनीच मला ठेवलेलं नाव. त्यात तेव्हा माया होती.

एका मार्चमध्ये भरदुपारी अवकाळी वादळ आलं. तारेवरून वीज आत शिरली. मास्तरांच्या टेबलावरचं यंत्र फटकन उडालं, त्यांच्या खुर्चीची पाठ काळी पडली. दोन हात पलीकडे बसलेल्या एका बिचाऱ्याचा हात कोपरापर्यंत भाजला, तो तीन महिने अंथरुणावर होता. मास्तरांच्या कोटाला वासही लागला नाही. लोक त्यांचे हात हातात घेऊन अभिनंदन करू लागले. तेव्हा जुन्या मंडळींकडून कळलं की हे पहिलं नव्हे. पटकीच्या साथीत घरची दोन माणसं गेली, हे राहिले. कामठी रोडवर ट्रक उलटला, सोबतचा गेला, हे धूळ झटकत उठले. यम यांचं पान फाडून बसलाय, असं कोणीतरी म्हणालं. मी त्यांना पाणी द्यायला गेलो तर ते मागच्या पायऱ्यांवर बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसत नव्हते.

“पुन्हा मलेच सोडलं गा,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या कोणीही त्या क्षणी मान खाली घातली असती. माझ्या मनात आलं, काय गोष्ट आहे!

आता कावळ्याच्या तारेविषयी. आमच्याकडे एक समजूत आहे, तिकडे नसली तर सांगतो. कावळा माणसाच्या डोक्याला शिवला की त्याचं मरण जवळ आलं. ते टाळायचं तर सगळ्यात जवळच्या माणसाला खोटीच बातमी धाडायची की अमका वारला. ते माणूस ऊर फोडून रडलं की मरण तेवढ्यावर फिटतं, उलट आयुष्य वाढतं. मग एक रात्र जाऊ द्यायची आणि दुसऱ्या दिवशी कळवायचं की संकट टळलं, खुशाल आहे. पूर्वी माणूस धाडत, मग पत्र, मग तार आली. मरणाच्या तारेला आमच्याकडे पहिला मान. बाकीच्या तारा थांबवून ती आधी सोडायची. त्यातली खरी किती आणि कावळ्याची किती हे तारवाल्याला साधारण कळायचं. मरणाचा फॉर्म भरणारा माणूस स्वतःच गालात हसत असला की समजावं, कावळ्याची.

अडुसष्टच्या मे महिन्यात एक कापडवाला काउंटरवर आला. हसत हसत त्यानं फॉर्म पुढे सरकवला. त्याचंच मरण, त्याच्याच बहिणीला, भंडाऱ्याला. मी तो घेतला आणि आत दिला. मास्तरांनी वाचला, उठले, बाहेर आले आणि त्या माणसासमोर फॉर्मचे चार तुकडे केले.

“बस पकड अन् बहिणीकडे जाय,” ते म्हणाले. “तिच्या हातचं जेव. तार नाही जात.”

त्यानं आरडाओरडा केला. सुपरिंटेंडेंट साहेब धावत आले. सरकारी कागद फाडला म्हणून मास्तरांकडून लेखी खुलासा मागवला. खुलाशात त्यांनी लिहिलं : ‘फाडला. पुन्हा फाडीन.’ चाळीस टेबलांत त्याच्यावर हशा झाला. बढती तेवढी गेली.

दुपारी ते मागच्या पायऱ्यांवर बसले होते, ऊन रणरणत होतं. मी शेजारी जाऊन बसलो. “का फाडलात मास्तर?” म्हटलं. पुन्हा विचारलं. “नको इचारू,” ते म्हणाले. मी म्हटलं, “मला सांगा, मी काय परका आहे?” हे तिसऱ्यांदा. कोणत्याही गोष्टीत तिसऱ्यांदा विचारलं की सांगावंच लागतं, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं होतं मी.

मग त्यांनी सांगितलं. शब्द न मोजता, पायरीकडे बघत.

चोविसाव्या वर्षी, तारेची नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा त्यांच्या डोक्याला कावळा शिवला. आई गळ्यात पडली की सरूला तार कर. सरू म्हणजे थोरली बहीण, पारशिवनीला दिलेली. यांचा विश्वास नव्हता. पण आईनं अन्न सोडलं. शेवटी यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या बोटांनी आपल्याच मरणाची तार सोडली. ‘किसन वारला.’ दोन शब्द. तार रामटेकपर्यंत गेली, पुढे माणसानं सायकलवर पोचवली. सरूताई घरी एकट्या. नवरा बाजारगावी गेलेला. माती व्हायच्या आत भावाचं तोंड दिसावं म्हणून त्या दीड वर्षाच्या पोरीला कडेवर मारून भर मेच्या दुपारी पायी निघाल्या. डोक्यावर नीट पदरही नव्हता, असं बघणारे म्हणाले. कन्हानच्या अलीकडे एका बाभळीखाली पडल्या. ऊन लागलं. लोक जमले तेव्हा पोरगी शेजारी बसून आईच्या पदराशी खेळत होती.

“पदराले गाठ होती,” मास्तर म्हणाले. “सोडली तं आत माझी तार. घामानं सारी शाई उतरलेली. मीच काढून घेतली, कोणी पाहाच्या आत. अन् त्याच वक्ती मी माह्या टेबलावर बसून दुसऱ्या दिवसाची वाट पाहून राहिलो होतो, खुशालीची तार सोडाले.”

मास्तर अजून पायरीकडेच बघत होते.

“तिनं रडून माह्यं मरण फेडलं नाही गा. तिनं तं सारंच देऊन टाकलं. आता यमाच्या वहीत माह्या नावापुढे ‘पावला’ लेहलं असंन. बायको गेली, पोरगं गेलं, मी हावो. मी मरनच नाही, पाहून घेजो तू.” मग ते म्हणाले, “कुसुमले हे माहीत नाही. तिची माय ऊन लागून मेली, एवढं तिले ठाऊक हाय. काहून निघाली होती, ते ठाऊक नाही. मले जगात तेवढी एक पोरगी हाय. तुले शपथ घालत नाही, शपथेनं माणूस उलटा बोलते. ध्यानात ठेव, बस.”

मी ध्यानात ठेवलं. इतकं चांगलं ठेवलं की वर्षभरात एका दिवाळी अंकाला गोष्ट दिली.

आता कारणं सांगू नयेत, पण सांगतो, म्हणजे माझी जात कळेल. मी म्हटलं, नावं बदलली आहेत. म्हटलं, पारशिवनीचं दुसरंच गाव केलं आहे, तारेची चिठ्ठी केली आहे. म्हटलं, अशी दुःखं लोकांपुढे आली पाहिजेत. खरं एवढंच की मला ती गोष्ट सोडवत नव्हती. आणि सगळं बदलताना पदराची गाठ तेवढी ठेवली, आतला पुसट कागद ठेवला. तो तपशील फार सुंदर होता. गोष्टीचा शेवट मी माझ्या मनानं केला : म्हाताऱ्याला अखेर मरण येतं, बहिणीचं नाव घेत तो सुटतो. संपादकांचं पत्र आलं, वाचकांची आली. वर्ध्याच्या एका शाळेतल्या शिक्षकांचंही एक आलं, की गोष्ट बायकोला वाचून दाखवताना गळा दाटला. त्या शिक्षकांचं आडनाव मी नीट वाचलंही नाही.

त्या पत्रानंतर आठच दिवसांनी कुसुमताई तारघरात आल्या. दुपारची वेळ, भर कामाची. तिशीतली बाई, मामासारखीच उंच. हातात तो अंक. काउंटरची फळी उचलून सरळ आत आल्या आणि मास्तरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

“मामा,” त्या म्हणाल्या, “आजी सांगे का मायच्या पदराले गाठ होती, अन् आतला कागद तुमी काढून घेतला. मी लहानपणी इचारलं तं तुमी म्हटलं, अंगारा होता. ही गोष्ट कोणाची हाय?”

एक ‘मले काय माहीत’ म्हटलं असतं तर निभलं असतं. मास्तरांनी अंक हातात घेतला, माझं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, “माही हाय.”

“मंग तुमी मले वेणी घालून देत होते, तवा सांगाचं. रोज सकाळी मी तुमच्यापुढे बसत होती. मी रडली असती, चार दिवस बोलली नसती. पण जमलं असतं मामा मले. तुमच्या तोंडून ऐकलं असतं तं जमलं असतं.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “लोकाच्या पुस्तकात वाचून नाही जमत.”

“कुसुम, बस वं जराशी...”

“नाही बसत.”

त्या गेल्या. फळी तशीच वर राहिली होती. कोणीतरी ती खाली केली. मी टेबलावर मान घालून एक तार तीनदा चुकवली. पुढच्या महिन्याला कार्ड आलं नाही. त्याच्या पुढच्याही. मास्तर वर्ध्याला दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा जावयानं दारातच चहा दिला आणि ती घरी नाही म्हणून सांगितलं.

मला त्यांनी दूषण दिलं नाही. दिलं असतं तर मी पायावर डोकं तरी ठेवलं असतं. ते मला कामापुरतं बोलत, आणि लेखकराव म्हणायचे ते ‘अहो’ म्हणू लागले. फितीच्या वेण्या थांबल्या. दीड-दोन महिन्यांनी एकदा आपण होऊन माझ्याजवळ आले.

“गोष्ट वाचली,” म्हणाले. “चांगली लेहली. शेवट चुकला.”

“मास्तर, मी...”

“मरत नाही तो. तुमाले सांगितलं होतं मी.”

निवृत्त झाले तेव्हा समारंभात साहेबांनी भाषणात परमेश्वर त्यांना दीर्घायुष्य देवो म्हणून प्रार्थना केली. मास्तर गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवून, छत्री घेऊन निघून गेले. साहेबांना वाटलं, बहुतेक भरून आलं असावं. मी त्यांना जाऊ दिलं. त्यानंतर आठ वर्षं ते या शहरात होते आणि मी एकदाही त्यांच्या घरी गेलो नाही. तोंड नव्हतं, असं मी म्हणत असे. खरं तर मला वाटत होतं की एव्हाना ते गेले असतील आणि माझी सुटका झाली असेल.

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात, सकाळी दहाला काउंटर उघडलं, आणि रांगेत पहिले देवतळे मास्तर. पासष्टी ओलांडलेला माणूस, पण केस तसेच काळे. हातात मिटलेली छत्री. फॉर्म त्यांनी आधीच भरून आणला होता. पत्ता वर्ध्याचा. मजकूर : ‘किसनमामा वारले. माती आज संध्याकाळी.’ पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव.

“मास्तर, ही तर...”

“कावळ्याची नाही. कावळा नाही शिवला. मीच पाठवून राहिलो.”

“आणि माझं नाव?”

“माह्यावर तिचा भरवसा नाही. तुमच्यावर हाय. तुमी छापलेलं खरं निघालं ना.”

मागे रांग चुळबुळत होती. मी हळूच विचारलं, “कशासाठी, मास्तर?”

“बारा वर्सं झाली, एक अक्षर नाही. मेलो म्हटल्यावर तरी येईल. आली तं दारात पाहीन तिले. शिव्या देईल, देऊ दे. नाही आली अन् नुसती रडली, तरी समजीन राग गेला.” ते थोडे वाकले. “अन् रडलीच नाही, तं आयुष्य वाढत नाही. हिसाब चुकता. मंग मी सुटीन. कोणीकडूनबी फायदाच हाय. सोडा.”

मी ती तार सोडली. स्वतः आत जाऊन, माझ्या बोटांनी. सगळ्या तारा थांबवून, पहिल्या मानानं.

मास्तर दिवसभर हॉलमधल्या बाकावर बसले होते, फाटकाकडे तोंड करून; बसस्टँडवरून त्यांच्या घराकडे जाणारी वाट फाटकासमोरूनच जायची. वर्ध्याची एक बस साडेबाराला येते, दुसरी दोनला. प्रत्येक वेळी ते उठून उभे राहत आणि पंधरा-वीस मिनिटांनी बसत. मी चहा पाठवला, त्यांनी घेतला नाही. तीन वाजता उत्तर आलं, माझ्या नावानं. मीच ते उतरवून घेतलं. मजकूर संपला आणि मी कागद धरून बसलो. मनात आलं, दुसरा कागद घ्यावा आणि लिहावं, ‘निघाले. थांबा.’ संध्याकाळपर्यंत तरी त्यांना सुखानं बसता येईल. पण त्या माणसाला खोटी तार देण्याइतका धीर माझ्यात नव्हता. आहे तो कागद त्यांच्या हातात दिला.

‘येणे जमत नाही. क्रियाकर्म उरकून घ्यावे. कुसुम.’

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. डाव्या हाताची बोटं मिटत गेली.

“सात,” ते म्हणाले. “एक शब्द फालतू नाही. मीच शिकवलं तिले.”

“मास्तर, खुशालीची तार पाठवतो. आत्ता पाठवतो.”

“नको. रडली नाही पोरगी, आता तिले रडवू नका.” ते उठले. कागदाची चौघडी करून वरच्या खिशात, जिथं कार्ड ठेवायचे तिथं ठेवली. “हे तेवढं कोणाले सांगू नका. जमलं तं.”

ते पायऱ्या उतरून अंगणात गेले. छत्री बाकाला टेकलेली राहिली होती. मी ती घेऊन दारापर्यंत धावलो आणि हाक मारली, “मास्तर, छत्री!” त्यांनी मागे न बघता हात हलवला. फाटकापाशी कडुनिंबाखाली ते थांबले, डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली, आणि बोडक्या डोक्यानं उभे राहिले. वर कावळ्यांनी झाड भरलेलं होतं, कलकलाट चालला होता. मी दारात छत्री धरून किती वेळ बघत होतो कोण जाणे. मास्तर हलत नव्हते.

एकही कावळा खाली आला नाही.